दोन सीटची गाडी

पेण, ९ मार्च १९९५

हौसा,

वर 'सौ.' घातलं नाही आणि आशीर्वादही घातला नाही. घातल्यानं तू लवकर वाचशील असं काही नाही. कान्हूच्या शेजाऱ्यांकडे दोनदा फोन केला. दोन्ही वेळेला तुझा भाऊच आला आणि म्हणाला, "ताय कामात हाय." तिकडे रोह्यापलीकडे, वरशाला, भावाच्या घरी तुला असं कोणतं काम लागलंय ते कळलं नाही. तुझं काम इथे कारखान्यात फळ्यांवर ओळीनं बसलंय, डोळ्यांवाचून.

म्हणून पत्र लिहितो. विचारायचं एवढंच आहे की तू परत येणार आहेस की नाही. गणपतीचे डोळे काढायला पेणमध्ये माणसं मिळतात. पण गिऱ्हाईक आल्याबरोबर विचारतं, वहिनी कुठे गेल्या? मी सांगतो, माहेरी गेलीय, भावाला बरं नाही. कान्हूला मी मलेरिया करून ठेवलाय. तो पेणला आला तर जरा खोकायला सांग.

एका गाडीपायी नवऱ्याचं घर सोडलेली बाई मी तरी ऐकलेली नाही. टेम्पोच्या मागे दोराला बांधून गाडी आणली तेव्हा तू दारातच उभी होतीस, हातात ब्रश घेऊन. मला वाटलं निदान हसशील. सगळ्या कारागिरांसमोर तू विचारलंस, "किती माणसं बसतात हिच्यात?" मी म्हटलं, दोन. खरं तेच सांगितलं. मग तू ब्रश धुतलास, डब्यात उलटा उभा करून ठेवलास आणि दुपारच्या एस्टीनं गेलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं. भांडण मला येतं.

गाडी काय आहे ते तू नीट बघितलंही नाहीस. रोह्याअलीकडच्या अष्टमी गावचा अय्यूब, माझ्या वर्गातला, त्याच्या थोरल्या भावानं, अहमदनं, ती कुवेतहून बोटीनं आणली होती. जपानी गाडी, शर्यतीतल्या गाडीसारखी जमिनीला टेकलेली. स्टेअरिंग डाव्या हाताला. अहमद एका रजेत ती चालवून परत गेला तो तिकडचाच झाला. गाडी वाडीतल्या नारळाखाली राहिली, वर झावळ्या, आत कोंबड्या. सीटखाली अंडी सापडली म्हणून अय्यूबची आई, आमनाचाची, मला गाडीतून हाकलत होती, की कोंबडी बसलीय, उठवू नको. मी त्या सीटवर बसलो आणि स्टेअरिंगला हात लावला. हौसा, माझ्या अख्ख्या आयुष्यात मी जे बनवलं ते लोकांनी दहा दिवसांत पाण्यात सोडलं. मला वाटलं, ही एक वस्तू अशी करावी की जी राहील.

मी रोह्याला दुसऱ्या कामाला गेलो होतो हे मला ठाऊक आहे. ते काम राहून गेलं. कामं राहतात.

काळुराम


पेण, २ एप्रिल

हौसा,

तुझं उत्तर नाही, पण तुझा भाऊ आला. कासार आळीच्या तोंडाशी भेटला. खोकलाबिकला काही नाही, चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "भावोजी, तुम्हाला पोरीला आणायला धाडलं व्हतं नि तुम्ही गाडी घेऊन आलंव." फुलवाली ऐकत होती, सायकलवाला ऐकत होता. आता मलेरियाची गोष्ट संपली. पेणमध्ये सगळ्यांना सगळं कळलं, ते एक बरं झालं. आता मीही स्पष्टच लिहितो.

हो, मला वेणूला आणायला पाठवलं होतं. तुझी बहीण पुतळी गेली, तिच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी केली, चार वर्षांची पोर कान्हूच्या गळ्यात आली. वाईट झालं, कोण नाही म्हणतं? पण तेव्हापासून तू माझ्यामागे लागलीस, आपण आणू, आपण आणू. मी 'बघू' म्हणत राहिलो. 'बघू' म्हणजे काय हे बायकोला कळायला नको? तू उलट तिला फ्रॉक शिवलेस. कारखान्याच्या पोटमाळ्यावरचे साचे खाली काढून तिथे गादी घातलीस. आणि एका सकाळी माझ्या हातात पिशवी दिलीस, आत तिची खेळणी, आणि म्हणालीस, आज घेऊनच या.

मी गेलो. भिसे खिंडीतून एस्टी उतरली तोवर माझा विचार पक्का होता. अष्टमीला उतरलो, म्हटलं पूल चालत ओलांडू, पलीकडे रोहा, पुढे वरसे. पुलाच्या तोंडाशी अय्यूब भेटला. चहाला घेऊन गेला, मग वाडीत गेलो, मग गाडी. मी पूल ओलांडलाच नाही. पिशवी आमनाचाचीकडे राहिली. बोल, यात मी कुणाचा खून केला?

तुला नसेल कळत म्हणून लिहितो. लग्नाला आपल्या वीस वर्षं झाली. लोक विचारायचे थांबलेत. कुणी बारशाला बोलावताना आता अडखळत नाही. मोठ्या मुश्किलीनं सगळं निवलंय. आता दुसऱ्याचं मूल घरात आणायचं म्हणजे आपल्याला झालं नाही हे पुन्हा दवंडी पिटून सांगायचं. ती पोर मला काका म्हणणार. रोज सकाळी, घरात, काका. तो शब्द ऐकायची माझी ताकद नाही. तुझी आहे, कारण तुला ती मावशी म्हणणार, आणि त्यात आई असतेच थोडी. काकात काय असतं?

पण तुझ्यापुढे हे बोलायचं म्हणजे तू गप्प बसून ऐकतेस आणि ब्रश धुवायला लागतेस.

असो. गाडीचं सांगतो. रामवाडीच्या मोरू मेकॅनिकला आणला. त्यानं ऐटीत पुढचं झाकण उघडलं तर आत जादा चाक आणि एक मेलेला उंदीर. "इंजिनच नाय हिला," म्हणाला. मग दोघं गाडीभोवती प्रदक्षिणा घालत बसलो. इंजिन मागे निघालं, सीटच्या पाठीला लागून. म्हणजे मागे तिसरं माणूस बसवायचं कुणी मनात आणलं तरी जागा नाही, तिथे इंजिन आहे. हे मी केलेलं नाही, जपान्यांनी केलंय.

पत्रा मात्र सडलाय. दारांच्या खालून बोट आरपार जातं. मोरू म्हणाला पुट्टी लावू, गाडीची वेगळी येते. मी म्हटलं, तीन पिढ्या प्लास्टर कालवतोय, तू मला पुट्टी शिकवतोस? जाळी ठोकली, काथ्या घातला, प्लास्टर भरलं, पॉलिश पेपरनं घासलं. हात फिरवलास तर पत्रा कुठे संपतो आणि प्लास्टर कुठे लागतं ते तुलाही कळणार नाही. मोरू नुसता मान हलवत होता. जळतो.

काळुराम


पेण, ७ मे

हौसा,

डोळे काढायला शेजारच्या जोहे गावाहून माणूस आणला. हात जलद आहे. पण त्याचे सगळे गणपती असे बघतात की जणू त्यांची चप्पल चोरीला गेलीय. मुंबईच्या व्यापाऱ्यानं एक उचलला, उलटसुलट बघितला आणि ठेवून दिला. म्हणाला, वहिनी आल्या की कळवा. मला कारखान्याचा मालक म्हणून कोणी विचारत नाही, तुझा नवरा म्हणून विचारतात. एवढा पाणउतारा पुरे की अजून हवाय?

गाडी चालू झाली. मोरूनं मुंबईहून सामान आणलं, कार्बोरेटर तीनदा उघडला, आणि एका दुपारी ती खोकली, काळा धूर ओकली, मग अशी काही गुरगुरली की शेडमधली उंदीरवाहनं फळीवर थरथरली. तू तिथे असायला हवी होतीस. हे रागानं लिहीत नाही. खरंच वाटलं.

रंगाचं मात्र हसं झालं. मी रंगाला बाहेर कशाला जाऊ? कॉम्प्रेसर घरचा, गन घरची. मूर्तीच्या अंगाला मारतो तोच रंग मारला, वर मोत्याची झाक दिली, वर लॅकर. इतकं सुंदर अंग मी मूर्तीलाही कधी दिलं नव्हतं. उन्हात बाहेर काढली आणि समोरून धोंडुबाई आली, मासळीची पाटी डोक्यावर. बाई थबकली. पाटी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि गाडीला हात जोडले. मी म्हटलं, "अगो धोंडुबाई, मोटार हाय ती." तर म्हणते, "मोटार असंल, पन अंग त्याचाच हाय." तेव्हापासून पेणमध्ये कोणी तिच्यात पाय ठेवायला तयार नाही. मोरू स्वतः चाचणीला बसतो तो चपला बाहेर काढून. पोरं बोनेटवर दूर्वा ठेवून जातात. मला दुसरा रंग सुचलाच नाही, हौसा. तीस वर्षं एकच अंग रंगवलंय.

दिव्यांना मात्र मी कोणाला हात लावू दिलेला नाही. या गाडीचे दिवे मिटलेले असतात, बटण दाबलं की पापणी उघडावी तसे वर येतात. डावा अडकलाय. मोरू म्हणाला खोलतो. मी म्हटलं थांब, डोळे शेवटी, आणि ते काढणारी यायचीय. आता याच्याहून जास्त मी काय लिहू? माझ्या बापानंही आईला इतकं कधी लिहिलं नव्हतं.

एकवीस तारखेला, रविवारी, दुपारी वरशाला येतोय. गाडी घेऊन. बॅग भरून ठेव. स्टेअरिंग डावीकडे आहे, म्हणजे तू उजवीकडे बसणार. पेणमध्ये शिरताना लोकांना वाटेल तूच चालवतेस. वाटू दे.

काळुराम


पेण, ३० मे

हौसा,

त्या रविवारी तू जे केलंस ते नऊ दिवस मनात घोळवतोय. आता लिहितो, म्हणजे तुलाही कळेल की कसं दिसलं ते.

वडखळपर्यंत गाडी लोण्यासारखी आली. नागोठण्याला लोक बघायला जमले. मग भिसे खिंडीतले खड्डे. पहिल्या वळणाला कट्ट असा आवाज आला, दुसऱ्याला उजव्या दाराखालचं प्लास्टर भेगाळलं. अष्टमीला पोचलो तेव्हा एक अख्खा तुकडा काथ्यावर लोंबत होता. अय्यूब पुलाच्या तोंडाशीच उभा. तुकडा हातानं तोडला, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "कालू, आज तरी पूल वलांडतोस ना?" दोस्ती असली की माणसाला बोलायचा हक्क येतो. त्यानं पिशवीही दिली, वेणूच्या खेळण्यांची. आमनाचाचीनं तशीच जपून ठेवली होती.

मी पूल ओलांडला. वरशाला तुझ्या दारात गाडी उभी केली. वेणू बाहेर आली, गाडी बघितली आणि हात जोडून "मोरया" म्हणाली. अख्खी आळी हसली. तूही हसलीस, मी बघितलं, नाही म्हणू नकोस. मग तू गाडीभोवती फिरलीस. पडलेल्या प्लास्टरच्या जागी बोट घातलंस. डाव्या दिव्यावर हात ठेवून म्हणालीस, "ह्यो डोळा उघडत नाय." मी म्हटलं, तुझ्यासाठीच ठेवलाय.

आणि मग पुन्हा तोच प्रश्न. "किती माणसं बसतात?"

मी म्हटलं, तुला ठाऊक आहे.

तू वेणूला हाक मारलीस. "ये गो, काकांच्या बाजूला बस." तिला उजवीकडच्या सीटवर बसवलंस, फ्रॉक सारखा केलास, दार लावलंस आणि मला म्हणालीस, "न्या तिला." बस्स. कुठे न्या, कुठवर न्या, काही नाही. मला वाटलं पोरीला फेरी हवीय. मी फेरी मारली आणि परत आणली. यात काय चुकलं?

परत आलो तर तू पायरीवर उभी. लुगडं बदललेलं, पायात चपला, हातात बॅग, शेजारी वेणूच्या कपड्यांचं बोचकं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. म्हटलं हौसा निघाली. मी उतरून उजवीकडचं दार उघडलं तुझ्यासाठी. तू त्या दारातून वेणूला बाहेर घेतलंस. मग पायरीवर बसून चपला काढल्यास, एक आणि मग दुसरी. बॅग उचललीस, बोचकं उचललंस आणि आत गेलीस. मी तिथे दार धरून उभा, ड्रायव्हरासारखा. कान्हू म्हणाला, "भावोजी, तिची यष्टी चुकली." मी म्हटलं, दारात गाडी असताना यष्टी कशाला? त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला त्याला मारावंसं वाटलं.

नागोठण्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा लक्षात आलं. गाडीत दोन जागा, म्हणून मी आणि वेणू पुढे यायचं, आणि तू मागून यष्टीनं पेणला येणार होतीस. म्हणजे घर पुन्हा सुरू होणार होतं. ते माझ्यावर सोडलं होतंस.

मग तोंडानं सांगायला काय झालं होतं? 'तिला पेणला न्या, मी मागून येते.' एवढं एक वाक्य. मातीच्या मूर्तीला तू असे डोळे काढतेस की लोक म्हणतात आता बोलेल, आणि स्वतः बाई एक वाक्य बोलत नाहीस. मी काय मनकवडा आहे? मला कळलं नाही. कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. दोष कोणाचा ते तूच ठरव.

काळुराम


पेण, २७ ऑगस्ट

हौसा,

परवा गणपती. कारखाना रिकामा झाला. नेहमीपेक्षा कमी गेले, उरलेले मागच्या फळीवर आहेत, चप्पल हरवल्यासारखे बघत. तुझा ब्रश अजून डब्यात उलटाच आहे. पोटमाळ्यावरची गादी कारागिरांनी खाली आणली होती, मी ती परत वर नेऊन घातली. का, ते विचारू नकोस.

अय्यूबकडून कळलं की वेणूचं नाव रोह्याच्या बालवाडीत घातलंस, आणि पालक म्हणून फक्त तुझं नाव दिलंस. पगारावर डोळे काढायला तयार आहेस असा व्यापाऱ्याकडून निरोप आला, तेही दुसऱ्याच्या कारखान्यात. चांगलं आहे. माझ्या घरात काही नेम नव्हता, तिथे असेल.

गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. पावसाच्या ओलीनं प्लास्टर फुगलं आणि चिखलासारखं खाली बसलं. मोरू येऊन बघून गेला, बिचाऱ्याला बोलायला मी जागाच ठेवली नव्हती. आतलं सडलेलं होतं तसंच बाहेर आलंय. रंगाचा तेवढा वरचा पापुद्रा राहिला आहे, हात लावला की हातात येतो. राहील अशी एक वस्तू करणार होतो मी. लोकांचे गणपती निदान दहा दिवस टिकतात.

मागच्या पत्रात मी एक लिहिलं की मला कळलं नाही, नागोठण्याला कळलं. ते खोटं आहे. वेणूनं तुला सांगितलं नसेल बहुतेक. पोर मुकी नाही, पण तुझ्यावर गेलीय, विचारल्याशिवाय सांगत नाही. म्हणून मीच सांगतो. पुढे कधी तिनं सांगितलं तर तुला वाटायला नको की मी लपवलं. किंवा वाटू दे. आता कशानं काय होणार आहे?

तू दार लावलंस आणि आम्ही निघालो. वरशातून रोह्यात आलो, बाजारातून पुढे. ती अगदी ताठ बसली होती, चपला काढून मांडीवर घेतलेल्या, देवाच्या गाडीत चपला कशा घालायच्या म्हणून. खेळण्यांची पिशवी दोघांच्या मध्ये. पुलाशी आलो. समोर अष्टमी, पलीकडे खिंडीचा रस्ता. अय्यूब त्या टोकाला दिसत होता, हात वर करून उभा. नदीवरून वारा आला तशी ती खिडकीकडे सरकली आणि म्हणाली, "मावशी मागनं यष्टीनं येणाराय. मी रडायचं नाय असं सांगितलंय." मग माझ्याकडे बघितलं. तुझेच डोळे, हौसा.

"काका," तिनं विचारलं, "पेण लांब हाय?"

मी म्हटलं, "लांब हाय गो." आणि गाडी वळवली.

काळुराम